पत्ता आकड्यांचा, नाव आपल्या लिपीचे

वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला टपालाची वेळ आठवत असेल. गावाकडून येणाऱ्या साऱ्या पत्रांवर पत्ता एकच, शाळेचा. पोस्टमन गठ्ठा अधीक्षकांच्या टेबलावर ठेवी आणि कोणते पत्र कोणत्या खोलीत जायचे ते अधीक्षक पाहत. आपल्या हातातील मोबाइलचा पडदाही पुष्कळदा याच रीतीने जगाशी जोडलेला असतो.

इंटरनेटवरील यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. १९८१ मध्ये ठरलेल्या चौथ्या आवृत्तीच्या नियमांत हा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक भरावयाच्या ३२ घरांचा आहे. त्यातून ४२९ कोटींहून थोडे अधिक पत्ते होतात. संगणक मोजक्या संस्थांत होते तेव्हा ही संख्या अफाट वाटली असणार. पुढे फोन, टीव्ही, मनगटावरचे घड्याळ, दारावरचा कॅमेरा असे सारेच पत्ता मागू लागले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मध्यवर्ती साठ्यातील शेवटचे गट विभागीय संस्थांना वाटून संपले.

तरीही व्यवहार थांबला नाही, तो अधीक्षकांच्या युक्तीमुळे. घरातला राउटर बाहेर एकच पत्ता दाखवतो आणि आलेला मजकूर ज्याचा त्याला पोचवतो. मोबाइल कंपन्याही एका पत्त्याआड अनेक ग्राहक ठेवतात. यात उणीव एवढीच, की आतल्याने आधी पत्र धाडले तर उत्तर बिनचूक येते; बाहेरच्याने आपण होऊन एखाद्या खोलीवर यायचे म्हटले, तर त्याला वाट सापडत नाही. (काहींना हे सुरक्षिततेसाठी सोयीचे वाटते. आमच्या अधीक्षकांनाही वाटे.) सहाव्या आवृत्तीत पत्ता १२८ बिटांचा असल्याने प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळू शकतो. जिओची सेवा २०१६ मध्ये आली ती ही पद्धत घेऊनच. आपल्यापैकी अनेक जण नकळत ती वापरत आहेत.

आकड्यांचा तुटवडा असा सुटत जाईल. आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो तो नावांचा प्रश्न. आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून १९८३ मध्ये नावांची व्यवस्था आखली गेली. पण त्या नावांत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढेच चाले. अस्खलित मराठी वाचणारी, पण इंग्रजी अक्षरओळख नसलेली आई पडद्यावरची मराठी बातमी वाचते. त्या बातमीचा पत्ता मात्र तिला लिहिता येत नाही.

२०१४ पासून ‘.भारत’ या शेवटाची देवनागरी नावे घेता येतात. आत मात्र जुनीच यंत्रणा आहे: आपण ‘भारत’ लिहितो, ब्राउझर त्याचे इंग्रजी अक्षरे व अंक यांच्या एका निरर्थक दिसणाऱ्या मालिकेत रूपांतर करतो आणि मग शोध सुरू होतो. लिपीच्या अडचणी निराळ्याच. ‘कऱ्हाड’मधला अर्धा र संगणकावर दोन प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही शब्द एकच. यंत्राच्या लेखी मात्र दोन वेगळे. कोणी लबाडाने त्यातून खोटे संकेतस्थळ उभारू नये, म्हणून कोणती अक्षररूपे चालतील याचे नियम आधी ठरवावे लागतात.

आणि एवढे सारे जमूनही, आम्ही एका ऑनलाइन अर्जात देवनागरी ईमेल पत्ता भरून पाहिला, तेव्हा पडद्यावर लाल अक्षरांत उत्तर आले: ‘कृपया योग्य पत्ता लिहा.’