खोली पसंत करण्याआधी रात्री दहाला त्या गल्लीत जा

मुंबईत ‘बदनाम’ वस्तीत स्वस्त खोली मिळतेय? एजंट दुपारी दाखवतो. तुम्ही रात्री दहाला स्टेशनपासून दारापर्यंत चालत जा. कुठले दिवे बंद आहेत, मेडिकल उघडं आहे का, बघा. बायका ओट्यावर गप्पा मारत बसल्यात, मुली क्लासहून एकट्या परततायत? माझ्या मते यापेक्षा खात्रीची खूण नाही. शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ सालीच मांडलं होतं, की रहिवाशांची नजर असलेला रस्ता सुरक्षित राहतो. नुसतं नाव ऐकून वस्ती नाकारू नका. दोन गल्ल्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याशी जरूर बोला. कुठल्या वळणावर टोळकं बसतं, मोबाइल कुठे हिसकावतात, हे तो एजंटपेक्षा खरं सांगेल.