तिपाई डुगडुगत नाही, मग तीनचाकी का कलंडते?

अहिल्यानगर जिल्ह्यातील काष्टी हे गाव दौंड-मनमाड लोहमार्गावर आहे. तेथे दर शनिवारी जनावरांचा मोठा बाजार भरतो. बैल, गाई, शेळ्या आणि गिऱ्हाइके यांच्या गर्दीत रिक्षा व मालवाहू तीनचाकी कडेकडेने उभ्या असतात. पुढचे चाक एकच असल्याने तीनचाकी थोड्या जागेत वळते. म्हणून सापडेल त्या फटीत ती घातली जाते. मागचे एक चाक डांबरावर, दुसरे खाली मातीत! गाडी तिरकी दिसते, पण हलत नाही. तिचे हे स्थैर्य किती खरे आहे?

खुर्ची आणि तिपाई

उंचसखल जमिनीवर चार पायांची खुर्ची डुगडुगते, तिपाई मात्र डुगडुगत नाही. याचे कारण भूमितीत आहे. एका रेषेत नसलेले कोणतेही तीन बिंदू एकाच प्रतलात असतात. चौथा असेलच असे नाही. म्हणून तीनचाकीची तिन्ही चाके जमिनीला टेकतात. हा गुण खरा, पण त्यातच फसगत आहे. खुर्ची डुगडुगून आपल्याला सावध करते. तीनचाकी सावध करीत नाही.

थोडे गणित

तिन्ही चाके जेथे टेकतात ते बिंदू जोडले की एक त्रिकोण होतो. गाडीच्या गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा या त्रिकोणात पडतो तोवर गाडी उभी राहते. बाहेर गेला की कलंडते.

समजा, पुढच्या चाकापासून मागचा आस २०० सेंटीमीटर दूर आहे आणि मागच्या चाकांत १२० सेंटीमीटर अंतर आहे. गुरुत्वमध्य पुढच्या चाकामागे १२० आणि जमिनीपासून ६० सेंटीमीटरवर आहे. तेथे त्रिकोणाची रुंदी ७२ सेंटीमीटर भरते, म्हणजे मध्यरेषेच्या एका बाजूस ३६. आता ३६ भागिले ६० म्हणजे ०.६, हा सुमारे ३१ अंशांचा टॅन्जंट आहे. गाडी बाजूला इतकी कलली की उलटेल. चार चाके असती, तर हाच कोन ४५ अंश आला असता.

वर कडब्याच्या पेंढ्या रचल्या आणि गुरुत्वमध्य १०० सेंटीमीटर उंच गेला, तर कोन २० अंशांपर्यंत उतरतो. मागचे एक चाक २० सेंटीमीटर खाली असले, तर गाडी आधीच साडेनऊ अंश कललेली असते. जवळजवळ अर्धी शिल्लक संपली! मग एखाद्या बैलाने अंग घासले किंवा खालच्या बाजूने कोणी लोंबकळले, तर काय होईल याचा विचार करा.

उतारावर तोंड खाली करून उभी केलेली तीनचाकी अधिक धोक्याची असते, कारण ओळंबा पुढे, त्रिकोणाच्या अरुंद भागाकडे सरकतो.

मग कशी उभी करावी?

सपाट जागा निवडावी. मागची दोन्ही चाके एकाच पातळीवर ठेवावीत. हातब्रेक ओढावा, गिअर टाकावा, चाकाखाली दगड द्यावा. माल दोन्ही बाजूंनी सारखा उतरवावा. जनावरे चढवण्या-उतरवण्याची वाट अडवू नये. बुजलेले जनावर अरुंद फटीतूनच धडक देत जाते. मोटार वाहन कायदा, १९८८ हेच सांगतो. कलम १२२ प्रमाणे इतरांना धोका, अडथळा किंवा त्रास होईल अशी गाडी उभी करता येत नाही. चालक गाडीत नसताना ती आपोआप चालू लागणार नाही, अशी व्यवस्था कलम १२६ प्रमाणे करावी लागते.

करून पाहा

पुठ्ठ्याच्या त्रिकोणाला खालून तीन बुचे चिकटवा. वर काडेपेटी ठेवून ती चिकटवा. ही गाडी एका फळीवर आडवी ठेवा. बुचे घसरू नयेत म्हणून खालच्या बाजूला पातळ पट्टी लावा. फळी हळूहळू उचला आणि गाडी कोणत्या कोनाला पडते ते कोनमापकाने मोजा. मग काडेपेटीवर दुसरी, तिसरी रचा. काडेपेटी त्रिकोणाच्या टोकाकडे सरकवूनही पाहा.

हे आकडे वहीत मांडा. मग बाजारात तिरकी उभी असलेली तीनचाकी दिसली, की तिच्या सावलीत बसलेल्या माणसाला तेथून उठायला का सांगावे, हे तुम्हाला नेमके समजावून देता येईल.