वेरूळच्या राणीचा चेसिस नंबर

आमच्या वरोऱ्यात सेकंडहँड गाडी घ्यायची असली की जाणता मेकॅनिक रंगाकडे बघतच नाही. तो आधी चेसिस नंबरवरचा मळ पुसतो, मग आर.सी. बुक मागतो. रंग काय, कोणीही मारून देतो! जुन्या लष्करी विमानाचा इतिहास शोधायचा तर हेच करावं लागतं. फक्त तिथे आर.सी. बुक एका ठिकाणी मिळत नाही.

उदाहरण गोव्याचं घेऊ. दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झालं. तिथे तीन शेपट्यांचं एक भलंमोठं विमान उभं आहे, लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन. अंगावर नंबर आयएन ३१५. बघणारा म्हणतो, नौदलाचं विमान, आणि पुढे जातो.

पण हा नंबर म्हणजे शेवटचा रंग. नौदलाने ही विमानं हवाई दलाकडून घेतली ती १९७६ मध्ये, म्हणजे या नंबराचा माग काढला तर इतिहास तिथेच थांबतो. खरी ओळख कारखान्याच्या क्रमांकात असते. तो विमान बनतानाच मिळतो आणि मालक बदलला तरी बदलत नाही. या विमानाचा आहे ४६८६. तो धरून मागे गेलं की हवाई दलाचा नंबर सापडतो, बीजी ५७५. आणि त्याही मागे व्हीटी-डीएचएम, एअर इंडियाचं प्रवासी विमान, नाव ‘रानी ऑफ एलोरा’. आपल्या वेरूळची राणी!

आता सगळं जुळतं. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ जेट आली, पंख्यांची विमानं मागे पडली आणि हवाई दलाकडे गेली. पुण्याच्या सहा नंबर स्क्वाड्रनमध्ये आधी लिबरेटर होती. ती १९६८ मध्ये निवृत्त झाल्यावर समुद्रावरची टेहळणी सुपर कॉनींकडे आली. १९७१ च्या युद्धात याच स्क्वाड्रनने समुद्रावर गस्त घातली. नुसता आयएन ३१५ बघणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. त्या माणसांचं काम रंगाखाली झाकलं जातं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

मेकॅनिकलवाल्यांनो, एक सांगायचं राहिलं. गाडीत इंजिन नंबर उपयोगी पडतो, विमानात तो फसवतो. सुपर कॉनीला चार राइट इंजिनं, प्रत्येकाला १८ सिलिंडर, शिवाय धुराड्यातून जाणाऱ्या वायूवर फिरणाऱ्या तीन टर्बाइन. त्यांची ताकद परत क्रँकशाफ्टला मिळायची. डोकं भारी, पण इंजिन इतकं बिघडायचं की ‘जगातलं सगळ्यात चांगलं तीन इंजिनांचं विमान’ अशी तिची थट्टा व्हायची. बिघडलेलं इंजिन उतरवायचं, दुरुस्त झालेलं दुसरं चढवायचं. उतरवलेलं पुढे भलत्याच विमानाला लागायचं. म्हणून शोधताना इंजिनाच्या मागे लागू नये, सांगाड्याचा नंबर धरावा.