रोज किती आणि तास किती?



"आज रोज किती मिळाला?" असं कुणी विचारलं तर आपण पटकन सांगतो. "किती तासांचा?" असं विचारलं की मात्र जरा आठवावं लागतं. मजुरी नीट समजायची तर हे दोन्ही प्रश्न सोबत विचारायला हवेत. खालच्या हिशेबातले आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. त्यांच्या जागी तुम्ही तुमचे आकडे घाला.

तासाला किती पडतात?

निमगाव केतकीच्या शिवारात डाळिंबाची तोडणी चालू आहे असं धरू. बाईचा रोज ३०० आणि गड्याचा ५००. दोघंही ९ ते ५ कामावर. जेवणाचा एक तास सोडला तर काम ७ तासांचं झालं. बाईला तासाला ४३ रुपये पडले, गड्याला ७१. झाड तेच, फळ तेच, कॅरेटही तेच. वर्षात असे २०० दिवस भरले तर फरक ४०,००० रुपयांचा होतो. एवढ्यात लेकीच्या कॉलेजचा खर्च निघू शकतो.

आता येण्याजाण्याचा वेळही धरा. पिकअपसाठी ८ ला घर सोडलं आणि ६ ला परत आलात, तर १० तास गेले. मग तेच ३०० रुपये तासाला ३० वर येतात.

उक्तं कामही असंच मोजा. आठ जणींनी ३,२०० रुपयांत खुरपणी अंगावर घेतली आणि ६ तासांत संपवली, तर प्रत्येकीला ४०० मिळाले, म्हणजे तासाला जवळपास ६७. पण त्याच कामाला ११ तास लागले तर तासाला ३६ च पडतात. म्हणून उक्तं घेण्याआधी रान बघून या, तण किती आहे ते बघा आणि मगच दर ठरवा.

सरासरी कशी फसवते?

पाच जणींची कमाई ३००, ३००, २५०, ३०० आणि ८५० आहे. बेरीज २,००० आणि सरासरी ४००. पण ४०० रुपये त्यातल्या एकीलाही मिळत नाहीत! एका मोठ्या आकड्याने सगळ्यांची सरासरी वर ओढली.

देशाच्या सरासरीचंही तसंच आहे. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार २०२२-२३ मध्ये ग्रामीण भागातल्या पुरुष शेतमजुराची देशातली सरासरी मजुरी दिवसाला सुमारे ३४६ रुपये होती. पण केरळात ती ७६४ होती आणि मध्य प्रदेशात २२९. काम शेतातलंच, पण राज्य बदललं की मजुरी तिपटीहून जास्त बदलते.

दिवसही मोजायला विसरू नका. ३०० रुपये रोज आहे, पण महिन्यात कामच १५ दिवस मिळालं, तर हातात ४,५०० येतात. चूल मात्र तीसही दिवस पेटते. म्हणजे दिवसाला १५० च झाले.

जे कुठेच लिहिलं जात नाही

केंद्र सरकारने २०२४ मध्ये लोकांचा वेळ कुठे जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ त्यात जातो, म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. जे पुरुष घरकाम करतात त्यांचा जातो ८८ मिनिटं. शेतातले सात तास संपवून आलेल्या बाईचा दिवस चुलीपाशी पुन्हा सुरू होतो, आणि त्याची हजेरी कुणी मांडत नाही.

आपल्या भागात हंगामाला येणाऱ्या ऊसतोड जोडप्यांकडे बघा. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. तरी मजुरी टनावर आणि दोघांची मिळून असते, उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर. मोळ्या बांधून त्या डोक्यावर वाहणाऱ्या बाईची कमाई किती, हे वेगळं दिसतच नाही.

कायदा काय म्हणतो?

एकाच किंवा सारख्या कामासाठी बाई आणि पुरुष असा भेद करून कमी मजुरी देता येत नाही. हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात होतं, पुढे २०१९ च्या वेतन संहितेतही आलं. "गडी जड काम करतो" असं म्हणतात. खताची पोती उचलणं, फवारणी करणं ही कामं वेगळी असतील, तर दर वेगळा असू शकतो. पण तोडणी दोघांचीही तीच असेल, तर दरही तोच हवा.

हे जमतं, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामं निघाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे २००५ मध्ये देशासाठी तसा कायदा झाला. त्याखाली २०२४-२५ साठी महाराष्ट्राचा दर २९७ रुपये होता. बाईचा वेगळा आणि गड्याचा वेगळा असे दोन दर त्यात नव्हते.

आपण काय करायचं?

१. वहीत रोज पाच गोष्टी लिहा : तारीख, काम, निघायची-परतायची वेळ, प्रत्यक्ष कामाचे तास, मिळालेले रुपये. लिहिता येत नसेल तर लेकराकडून लिहून घ्या.

२. महिन्याने गटाच्या बैठकीत सगळ्या वह्या शेजारी ठेवा. कुठल्या कामाला तासाला किती पडले, ते एका कागदावर मांडा.

३. दर हंगामाआधी ठरवा, आणि टोळीने मिळून ठरवा. एकटीला "परवडत नाही" म्हणून परत पाठवता येतं. पंधरा जणींना पाठवलं तर माल झाडावर राहतो.

४. शेवटचं जरा अवघड आहे. आपल्यातल्या काही जणींच्या स्वतःच्या बागा आहेत, पानमळे आहेत. त्याही मजूर लावतात. गड्याचा रोज ठरवताना आपण खळखळ करत नाही, आणि बाईचा ठरवताना मात्र पन्नास रुपये तोडतो. तिची वही उद्या बैठकीत आपल्याच वहीशेजारी उघडणार आहे, हे लक्षात ठेवून दर सांगा.