ब्लोअर खडखडला म्हणजे मोटर गेली असे नव्हे

गाडीतला ब्लोअर खडखडू लागला की मोटरच बदलावी लागणार, असे आपण धरून चालतो. पण कान देऊन ऐकले तर दोष बराचसा आवाजच सांगतो. पंख्याच्या वेगाबरोबर टकटक वाढत असेल, तर बहुधा आत शिरलेले वाळके पान किंवा काडी पात्यांना घासते आहे; ती काढली की काम झाले. सतत किरकिर असेल तर बहुतेक वेळा मोटरचे बुश झिजलेले असते. तिथे तेलाचा थेंब चार दिवसांचा दिलासा देतो, खरा इलाज मोटर बदलण्याचाच. आणि साध्या नॉबच्या गाडीत पंखा फक्त शेवटच्या नंबरवर फिरत असेल, तर संशय मोटरवर घेऊ नये: कमी वेगांना वीज रेझिस्टरमधून जाते, पूर्ण वेगाला थेट. म्हणजे जळलेला असतो तो बहुधा रेझिस्टर, आणि तो मोटरपेक्षा पुष्कळ स्वस्त.

‘डॅशबोर्ड कोण उघडणार?’ ही शंका रास्त आहे. पण अनेक गाड्यांत ब्लोअर ग्लोव्हबॉक्सच्या मागे, खालच्या बाजूला, मोजक्या स्क्रूंवर बसवलेला असतो. जवळ एअरबॅग असते, म्हणून आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून काही मिनिटे थांबावे. वायरचा कनेक्टर वितळलेला दिसला, तर मात्र इलेक्ट्रिशियनच गाठावा.