उशिरा दंतवैद्यक शिकताना महाविद्यालयांची निवड

पंचविशी उलटली की दंतवैद्यक शिक्षणाची वाट बंद होते, असा समज अनेकांच्या मनात आढळतो. तो निराधार आहे. ‘नीट’ या प्रवेश परीक्षेची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये रद्द झाली. मात्र बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय असावे लागतात.

संसाराची जबाबदारी असलेल्या उमेदवाराने आंतरवासितेसह किमान पाच वर्षांच्या खर्चाचा हिशेब आधी मांडावा. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांचे शुल्क खासगी महाविद्यालयांहून बरेच कमी असते. जागा गुणवत्ता व पसंतिक्रमानुसार मिळते. म्हणून सर्वांत हवे ते महाविद्यालय प्रथम लिहावे; जे परवडणार नाही, ते लिहूच नये. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ही माहिती गावोगावच्या अशा इच्छुकांपर्यंत अवश्य पोहोचवावी.