पंप वाढवण्याआधी नळ्या बघा
लेखांक ६ : टाकीपासून नोझलपर्यंत

गेल्या आठवड्यात आपण टर्बो बसवला, म्हणजे जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला जादा हवा मिळायची सोय केली. यानंतर मालकाचं वाक्य ठरलेलं असतं : ‘आता पंप तेवढा वाढवून द्या.’ दसऱ्याच्या सुमाराला साखर कारखान्यांत बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं आणि कराड, वाळवा, पलूस भागातल्या गॅरेजांसमोर उसाच्या गाड्या उभ्या राहू लागतात. गाळप सुरू व्हायच्या आत गाडी ‘ओढायला’ लागली पाहिजे, हीच सगळ्यांची घाई. पंप वाढला की ताकद वाढते, हा समज अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा टाकी आणि पंप यांच्यामधल्या नळीत असतो आणि तिच्याकडे बघायला कुणाला सवड नसते.

आधी पंप वाढवणं म्हणजे नेमकं काय, ते पाहू. जुन्या टाटा-लेलँड गाड्यांवर इनलाइन पंप असतो. बॉशने १९२७मध्ये या जातीच्या पंपाचं कारखानी उत्पादन सुरू केलं. आपल्याकडे तो मायको या नावाने घरोघरी गेला. त्यात प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लंजर आणि त्याचा बॅरल असतो. मिस्त्री या जोडीला ‘एलिमेंट’ म्हणतात. प्लंजर दर वेळी तेवढाच वर-खाली होतो, पण त्याच्या अंगावर तिरकी खाच असते. प्लंजर थोडा फिरवला की ती खाच लवकर किंवा उशिरा उघडते आणि त्यावरून नोझलकडे किती डिझेल जायचं ते ठरतं. सगळे प्लंजर एकदम फिरवणारी दांडी म्हणजे रॅक आणि तिला आवर घालणारा गव्हर्नर. ‘पंप वाढवला’ म्हणजे बहुतेक वेळा सील तोडून फुल लोडचा स्क्रू सरकवला, रॅक आणखी पुढे जाऊ दिली. त्याहून मोठं काम म्हणजे एलिमेंट बदलणं. नऊ मिलिमीटरच्या जागी दहाचा प्लंजर घातला की क्षेत्रफळ २३ टक्क्यांनी वाढतं.

हे आकडे किती बारीक असतात, याचा हिशेब एकदा मांडून बघावा. १८० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण भाराखाली तासाला साधारण ३३ लिटर डिझेल घेतं. मिनिटाला २४०० फेऱ्यांवर सहा सिलिंडरांत मिळून तासाला ४ लाख ३२ हजार फवारे उडतात. म्हणजे एका फवाऱ्याला सुमारे ७६ घन मिलिमीटर, पाण्याच्या दीड थेंबाइतकं डिझेल. म्हणून कॅलिब्रेशनच्या बाकावर हजार स्ट्रोकचं डिझेल काचेच्या नळ्यांत धरतात आणि सहाही नळ्यांतली पातळी जुळवतात. पंप बाकावर न चढवता गाडीवरच स्क्रू फिरवून ‘झालं काम’ म्हणणाऱ्याकडे गाडी नेऊ नये. सहा सिलिंडरांपैकी एकालाच जास्त डिझेल जात असेल, तर त्याचा पिस्टन आधी जातो.

हवेचा हिशेब तर डोळे विस्फारणारा आहे. एक लिटर डिझेल पुरतं जळायला साधारण दहा हजार लिटर हवा लागते आणि धूर नको असेल तर त्याहून बरीच जास्त. साताऱ्याच्या उंचीवर हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्क्यांनी विरळ असते, महाबळेश्वरला आणखी विरळ. टर्बो न बसवता नुसता पंप वाढवलेल्या गाडीच्या मागे घाटात चालणाऱ्यांना याचा अनुभव काळ्या धुराने येतो. तो धूर म्हणजे मालकाच्या खिशातले पैसे.

आता नळीकडे. तासाला ३३ लिटर जळत असले, तरी टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाने त्याहून कितीतरी जास्त डिझेल इनलाइन पंपाच्या पोटात आणून टाकावं लागतं. उरलेलं रिटर्न लाइनने टाकीत परत जातं आणि जाताना उष्णता व हवेचे बुडबुडे सोबत नेतं. हा फेरा आटला की प्लंजर पूर्ण भरत नाही. मग स्क्रू कितीही फिरवा, रॅक पुढे जाते, डिझेल जात नाही.

विहिरीवर मोटर चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. किर्लोस्करवाडी १९१०पासून याच सांगली जिल्ह्यात आहे. साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा इंजिनांचा कारखाना होता, तेच कूपर १९३७मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. पंप आणि इंजिन या मुलखाच्या अंगवळणी पडलेली आहेत. फूटव्हॉल्व्ह गळका असेल किंवा सक्शनच्या जोडात हवा शिरत असेल, तर पंप नवा असूनही पाणी उचलत नाही. गाडीतही तसंच. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ओढीखाली असतो. तिथल्या चिरेतून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. खाली डाग नाही, वास नाही, आणि गाडी सकाळी हँड पंप मारल्याशिवाय चालू होत नाही. मिस्त्री म्हणतात, ‘हवा धरतेय.’

पंपाच्या आधी त्याचा पुरवठा बघायचा, हा धडा अमेरिकेत लोकांनी महागात शिकला. तिथल्या डॉज रॅम पिकअपमध्ये ५.९ लिटरचं कमिन्स इंजिन असे. त्याच घराण्याचं इंजिन जमशेदपूरच्या टाटा कमिन्समधून आपल्या टाटा ट्रकांत आलं. १९९४ ते १९९८च्या मधल्या गाड्यांवर बॉशचा दणकट इनलाइन पंप होता आणि ताकद वाढवणारे हौशी अजून त्याच गाड्या शोधतात. नंतर इलेक्ट्रॉनिक रोटरी पंप आला. त्याला थंडावा आणि वंगण दोन्ही डिझेलचंच. पाठीमागचा लहानसा लिफ्ट पंप, म्हणजे आपला फीड पंप, कमजोर पडला की हा महागडा पंप उपाशी राहून मरायचा. मालक मोठा पंप बदलायचे, लहान तसाच ठेवायचे, आणि नवा पंपही जायचा. मोठ्या पंपाची चूक त्यात फारशी नव्हतीच.

मग बदलायचं काय? पहिली गोष्ट, नळीचा आतला व्यास. या वेगाला डिझेल नळीतून शांतपणे, थरांनी वाहतं आणि अशा वाहण्यात व्यासाच्या चौथ्या घाताचा नियम लागतो. आठच्या जागी दहा मिलिमीटर केली, तर तेवढ्याच ओढीत जवळजवळ अडीचपट डिझेल येतं. पण ही मोठी नळी आठ मिलिमीटरच्या बँजो बोल्टला जोडली तर त्या बोल्टच्या भोकाशी सगळं अडतं. टाकीतला पाइप, त्याची जाळी, बँजो, फिल्टरचं डोकं, सगळा रस्ता सारखा रुंद हवा. टाकीतली ती जाळी तर कित्येक गाड्यांत वर्षानुवर्षं कुणी बाहेर काढलेली नसते.

दुसरी गोष्ट, नळी कशाची. तांबं वळवायला सोपं म्हणून काही जण वापरतात. पण फ्रेमच्या थरथरीने ते कडक होऊन तडकतं, शिवाय तांब्यामुळे डिझेल लवकर खराब होतं. गॅल्व्हनाइज्ड पाइपचं जस्त डिझेलमध्ये उतरून नोझलवर थर धरतं. पारदर्शक प्लास्टिकची नळी उन्हात आणि डिझेलमध्ये ताठ होते, मग क्लिपखाली चिरते. तिचा एकच खरा उपयोग : पाहणीपुरती लावून बुडबुडे दिसतात का ते बघायचं आणि काढून टाकायची. कायमसाठी स्टीलची नळी आणि हलत्या जागी डिझेलसाठीच बनवलेला रबरी होज. बँजोचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवे.

पंपापासून नोझलपर्यंतच्या जाड भिंतीच्या नळ्यांना मात्र हात लावताना जपून. इथे रुंदी वाढवून फायदा होत नाही, उलट फवारा मऊ पडतो. सहाही नळ्या सारख्या लांबीच्या का असतात? दाबाची लाट डिझेलमधून सेकंदाला साधारण १३५० मीटर वेगाने जाते. नळी दहा सेंटिमीटर लांब झाली, तर २४०० फेऱ्यांवर फवारा क्रँकच्या जवळपास एक अंशाने उशिरा सुटतो. म्हणून भंगारातून आणलेली दुसऱ्या गाडीची नळी वाकवून बसवणं हा शुद्ध गाढवपणा आहे.

जुन्या नोझलचा दाबही दोनशे बारच्या घरातला असतो. तो फवारा कातडी भेदून आत जातो. २०२०नंतरच्या बीएस-सहा गाड्यांत कॉमन रेल असते आणि तिथे दोन हजार बारच्या आसपासचा दाब. गळती बोटाने कधीही तपासू नये, पुठ्ठा धरावा. बोटात डिझेल शिरलंच, तर छोटं भोक दिसलं म्हणून हळद लावून बसू नये, सरळ मिरजेचं हॉस्पिटल गाठावं. आत शिरलेलं डिझेल हात घालवू शकतं. या नव्या गाड्यांचा पंप गॅरेजात ‘वाढवायच्या’ भानगडीत पडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायद्याचंही थोडं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, कंपनीने दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नळ्या, वॉशर, फिल्टर कंपनीच्या मापात नीट करणं ही देखभाल झाली. सील तोडून स्क्रू फिरवणं त्यात बसत नाही. पीयूसीच्या यंत्रावर धुराची मर्यादा जुन्या गाड्यांना ६५ हार्ट्रिज युनिट आणि बीएस-चारना ५०. वाढवलेला पंप तिथे बोलतोच.

काहीही बदलण्याआधी एक तपासणी करा. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये टी जोडून प्रेशर गेज लावा. गेज केबिनमध्ये हवा असेल तर विजेचा सेन्सर वापरा, डिझेलची नळी केबिनमध्ये आणू नका. भरलेली गाडी पुण्याकडून येताना खंबाटकी चढवा किंवा चिपळूणहून कुंभार्ली. सपाटीला काटा जागेवर आणि चढावर पूर्ण भाराखाली तो खाली येत चालला, गाडी धूर न सोडताच मरगळली, तर उपासमार आहे. आधी फिल्टर, मग जाळी, मग नळ्या, शेवटी फीड पंप. काटा शेवटपर्यंत स्थिर राहिला आणि धूर मात्र काळा, तर डिझेल भरपूर आहे, हवा कमी पडते. तेव्हा टर्बो, एअर फिल्टर आणि इंटरकूलरचे होज तपासा. काटा स्थिर, धूर नाही, तरीही ताकद नाही, असं निघालं तरच पंप काढून बाकावर न्या आणि सहाही सिलिंडरांचे आकडे लिहिलेली चिठ्ठी मागून घ्या. पुढच्या लेखात नोझल उघडताना ती चिठ्ठी लागणार आहे.